जिना राहिला, शाळा गेली

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत न्यू मेक्सिको नांवाचें एक संस्थान आहे. सांता फे ही त्याची राजधानी. समुद्रसपाटीपासून सुमारें सात हजार फूट उंचीवर, डोंगरांच्या कुशींत वसलेलें हें शहर स्पॅनिश लोकांनीं १६१० च्या सुमारास स्थापिलें. शहराच्या मध्यभागीं, जुन्या व्यापारी हमरस्त्याच्या कडेला, मातीच्या रंगाचें एक मोठें अतिथिगृह उभें आहे. त्याचें नांव 'इन ॲट लोरेटो'. त्याला लागूनच टोकदार कमानींचें, फ्रेंच धर्तीचें एक लहानसें प्रार्थनामंदिर आहे. देशोदेशींचे प्रवासी तिकीट काढून आंत जातात, एका लांकडी जिन्यासमोर क्षणभर थबकतात, त्याचें छायाचित्र घेतात आणि पुढच्या प्रेक्षणीय स्थळाकडे वळतात. ज्या जागेवर ते उतरलेले असतात, त्या जागेवर एकशें पंधरा वर्षें मुलींची शाळा नांदत होती, हें सांगणारें तेथें फारसें कांहीं उरलेलें नाहीं. जिन्याची कीर्ति जगभर झाली. शाळेची कथा मात्र मागें पडली. ती कथा जिन्याच्या कथेइतकीच ऐकण्यासारखी आहे.

लोरेटो हें नांव भारतांत अपरिचित नाहीं. कलकत्त्याचें लोरेटो हाऊस १८४२ सालीं सुरू झालें. दार्जिलिंगची लोरेटो शाळा १८४६ सालची. मदर तेरेसा १९२९ सालीं भारतांत प्रथम आल्या, त्याहि लोरेटो संघांत दाखल होऊनच. परंतु तो संघ आयर्लंडांतून आलेला. सांता फेची शाळा काढणारा लोरेटो संघ निराळा असून तो अमेरिकेंतच जन्मास आला. रोमन लिपींत आयरिश संघाच्या नांवांत 'ट' एकदां येतो, अमेरिकन संघाच्या नांवांत दोनदां, एवढ्यावरून जाणकार त्यांतला भेद ओळखतात. केंटकी संस्थानांत १८१२ सालीं मेरी ऱ्होड्स, ख्रिस्तिना स्टुअर्ट आणि ॲन हॅवर्न या तीन स्त्रियांनीं, चार्ल्स नेरिंक्स नांवाच्या बेल्जियन धर्मगुरूच्या मार्गदर्शनाखालीं, या संघाची स्थापना केली. जंगल तोडून नव्यानें वसाहत करणाऱ्या लोकांच्या मुलांना शिकवावें, हा त्यांचा हेतु.

दोन्ही संघांचें नांव इटलींतील लोरेटो या तीर्थक्षेत्रावरून आलेलें आहे. येशूची माता मारिया हिचें नाझरेथ येथील घर देवदूतांनीं उचलून तेथें आणून ठेविलें, अशी जुनी श्रद्धा आहे. चमत्कारानें स्थलांतर केलेल्या घराचें नांव ज्या संघानें धारण केलें, त्याच्याच एका वास्तूला पुढें दुसऱ्या एका चमत्काराच्या कथेनें झांकून टाकावें, हा योगायोग विलक्षण खरा.

शाळेचा आरंभ समजण्यासाठीं त्या काळचें सांता फे डोळ्यांपुढें आणिलें पाहिजे. १८४६ सालीं अमेरिकन फौजेनें हें शहर घेतलें आणि १८४८ च्या तहानें तो सारा मुलूख मेक्सिकोकडून अमेरिकेकडे गेला. निशाण बदललें, परंतु लोक तेच राहिले. ते स्पॅनिश बोलत, उन्हांत वाळविलेल्या मातीच्या विटांच्या घरांत राहत आणि जुन्या वळणाचा कॅथॉलिक धर्म पाळीत. आसपास प्वेब्लो इंडियन लोकांचीं प्राचीन गांवें होतीं. सार्वजनिक शिक्षणाची व्यवस्था जवळजवळ नव्हतीच; त्या प्रांतांत सार्वजनिक शाळांची घडी बसविणारा कायदा होण्यास १८९१ साल उजाडावें लागलें. मुलांची ही अवस्था, तर मुलींच्या शिक्षणाची गोष्टच नको.

अशा या मुलखाचे धर्माधिकारी म्हणून १८५१ सालीं झां बॅप्टिस्ट लामी हे सांता फे येथें दाखल झाले. त्यांचा जन्म १८१४ सालीं फ्रान्सच्या ओव्हेर्न्य प्रांतांत झालेला. विला कॅथर यांची 'डेथ कम्स फॉर दि आर्चबिशप' ही १९२७ सालची प्रसिद्ध कादंबरी त्यांच्याच चरित्रावर बेतलेली आहे. पुढच्याच वर्षीं, १८५२ सालीं, बाल्टिमोर येथें अमेरिकेंतील बिशपांची परिषद भरली. त्या परिषदेसाठीं पूर्वेकडे गेले असतां लामी यांनीं केंटकीच्या लोरेटो मठांत जाऊन, सांता फे येथें मुलींची शाळा काढण्यासाठीं शिक्षिका मागितल्या. सहा धर्मभगिनी जाण्यास सिद्ध झाल्या.

जून महिन्याच्या अखेरीस त्या मठांतून निघाल्या. सेंट लुईसपासून मिसुरी नदीनें आगबोटीचा प्रवास होता. त्या वर्षीं नदीकांठीं पटकीची सांथ होती आणि ती बोटीवरहि पोंचली. तुकडीच्या प्रमुख मदर माटिल्डा मिल्स यांस पटकीनें गांठलें आणि जुलैमध्यें त्यांचा अंत झाला. सिस्टर मोनिका बेली या इतक्या आजारी पडल्या, कीं त्यांस मागें ठेवण्यावांचून गत्यंतर उरलें नाहीं. इंडिपेन्डन्स गांवापासून पुढें रेल्वे नव्हती, नदी नव्हती. होता तो केवळ माळरानांतून गेलेला, शेंकडों मैलांचा गाडीरस्ता. मालाच्या गाड्यांचे तांडे त्या रस्त्यानें महिनेच्या महिने चालत. उरलेल्या चौघी त्याच मार्गानें गेल्या. मॅग्डालेन हेडन, रॉबर्टा ब्राउन, कॅथरिन महोनी आणि हिलेरिया बोनहॅम हीं त्या चौघींचीं नांवें. २६ सप्टेंबर १८५२ रोजीं त्या सांता फे येथें पोंचल्या. तीन महिन्यांच्या वाटेंत सहांच्या चार झाल्या होत्या, आणि जिच्या हातीं सारा कारभार द्यावयाचा तीच वाटेंत राहिली होती. तिची जागा मॅग्डालेन हेडन यांनीं घेतली.

त्यांस पहिली अडचण आली ती भाषेची. शिक्षिका इंग्रजी बोलणाऱ्या आणि मुली स्पॅनिश. तेव्हां शिक्षिकांनींच प्रथम विद्यार्थिनी व्हावें हें ओघानें आलें. कांहीं महिने स्पॅनिशचा अभ्यास करून १८५३ च्या जानेवारींत त्यांनीं शाळा उघडली. 'अवर लेडी ऑफ लाइट' म्हणजे 'प्रकाशमाता' असें तिचें नांव ठेविलें. लोकांच्या तोंडीं मात्र ती लोरेटोची शाळा म्हणूनच राहिली. कांहीं मुली घरून येत, कांहीं वसतिगृहांत राहत. लेखन, वाचन, गणित यांच्या जोडीला संगीत आणि सुईकाम हे विषय होते. पुढें स्थानिक स्पॅनिशभाषी घराण्यांतील मुलीहि या संघांत दाखल झाल्या आणि ज्या शाळेंत शिकल्या तिच्याच शिक्षिका झाल्या. एखाद्या संस्थेनें परक्या भूमींत मूळ धरलें कीं नाहीं, याची याहून चांगली खूण दुसरी कोणती असणार?

तथापि या शाळेचें एक दुसरेंहि अंग आहे आणि तें झांकून ठेवणें इतिहासास शोभणार नाहीं. शाळेबरोबर इंग्रजी भाषा आली, नव्या राज्यकर्त्यांच्या चालीरीति आल्या, फ्रेंच बिशपाची धर्मविषयक शिस्त आली. लामी यांस मातीचीं जुनीं चर्चें ओबडधोबड वाटत. तेथील जुन्या धर्मगुरूंशीं त्यांचे खटके उडाले आणि ताओस येथील पाद्री मार्तीनेझ यांच्याशीं तर उघड वैर झालें. इंग्रजी शाळांनीं आपल्याकडे काय दिलें आणि काय नेलें, हा वाद ज्यांच्या कानांवरून गेला आहे, त्यांस सांता फे येथील हें द्वंद्व नवें वाटणार नाहीं. मुलीला अक्षर मिळालें, आणि त्याच अक्षरानें तिला आईच्या भाषेपासून थोडें दूर नेलें. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. मात्र ज्या मुलखांत मुलींसाठीं दुसरें दारच नव्हतें, तेथें हें दार उघडणाऱ्या चार स्त्रियांचें ऋण या वादानें कमी होत नाहीं.

सांता फे येथून या भगिनींनीं आपलें काम दूरवर नेलें. १८६४ सालीं डेन्व्हर येथें आणि १८७० सालीं लास क्रूसेस येथें त्यांच्या शाळा निघाल्या. चार जणींच्या खोलीपासून सुरू झालेल्या संस्थेचा असा विस्तार झाला, तेव्हां स्वतःचें प्रार्थनामंदिर असावें ही इच्छा होणें स्वाभाविक होतें.

१८७३ सालीं बांधकाम सुरू झालें. लामी यांनीं मोठ्या चर्चच्या बांधकामासाठीं आंत्वान मूली हे वास्तुशिल्पी आणि त्यांचे पुत्र प्रोजेक्टस यांस फ्रान्सहून बोलाविलें होतें. त्याच पितापुत्रांकडे हेंहि काम आलें आणि पॅरिसच्या सेंत शापेल या मध्ययुगीन मंदिराचा नमुना त्यांनीं समोर ठेविला. पंचवीस फूट रुंद, पंचाहत्तर फूट लांब आणि पंचाऐंशी फूट उंच असें हें मंदिर आहे. दगड जवळपासच्या खाणींतला. रंगीत कांचांच्या खिडक्या मात्र पॅरिसहून आल्या. समुद्रमार्गें न्यू ऑर्लिअन्स, तेथून नदीनें सेंट लुईस आणि पुढें त्याच जुन्या गाडीरस्त्यानें सांता फे, असा त्या कांचांचा प्रवास झाला. रेल्वे सांता फे येथें पोंचली ती १८८० सालीं, म्हणजे त्यानंतर. एकूण खर्च सुमारें तीस हजार डॉलर झाला आणि त्यासाठीं भगिनींनीं आपल्या माहेरच्या वारशाचे पैसेहि घातले, असें सांगतात. १८७८ सालीं मंदिर पुरें झालें.

पुरें झालें, पण एक उणीव राहिली. गाणाऱ्या मुलींसाठीं मागच्या बाजूस वीसएक फूट उंचीवर सज्जा बांधलेला होता. त्यावर चढण्यास जिना नव्हता. नेहमींचा जिना घातला तर बसण्याची जागा जाणार, आणि शिडी लावली तर पायघोळ झग्यांत चढणार कसें? येथून प्रसिद्ध आख्यायिका सुरू होते. भगिनींनीं सुतारांचा अधिदेव संत जोसेफ याचें नऊ दिवसांचें अनुष्ठान मांडलें. शेवटच्या दिवशीं गाढव घेऊन एक वृद्ध सुतार दारीं आला. करवत, हातोडा आणि गुण्या एवढींच हत्यारें त्याच्यापाशीं होतीं. जिना पुरा करून, मजुरी न घेतां, नांव न सांगतां तो निघून गेला. तो खुद्द संत जोसेफच होता, अशी भाविकांची समजूत झाली.

जनाबाईचें दळण विठ्ठलानें दळलें, ही कथा ज्या महाराष्ट्रानें प्रेमानें जतन केली, त्यास या आख्यायिकेंतील भाव समजावून सांगण्याची गरज नाहीं. कष्टणाऱ्या स्त्रीच्या हातावर देवानें आपला हात ठेवावा, ही आस सर्वत्र सारखीच. परंतु आख्यायिकेचा मान राखूनहि, जिना कोणीं केला हा प्रश्न इतिहासानें विचारावयाचाच असतो.

जिना खरोखर अपूर्व आहे. त्याला तेहतीस पायऱ्या आहेत. मळसूत्राप्रमाणें दोन पुरे वेढे घेऊन तो सज्ज्याला भिडतो. मधें आधाराचा खांब नाहीं. लोखंडी खिळ्यांऐवजीं लांकडी खुंट्यांनीं तो जोडलेला आहे. लांकूड स्प्रूस जातीचें असून तें जवळच्या डोंगरांतलें नसावें, असें तपासणाऱ्यांनीं म्हटलें आहे. प्रारंभीं त्याला कठडाहि नव्हता. पहिल्यानें चढलेल्या मुली वरून खालीं पाहून इतक्या भ्याल्या, कीं हात आणि गुडघे टेकून उतरल्या, असें सांगत. कठडा बसविला तो १८८७ च्या सुमारास. असा जिना उभा कसा राहतो, याचें उत्तर त्याच्या आंतल्या बाजूच्या लांकडी पट्टींत आहे. तिचा वेढा इतका लहान व घट्ट आहे, कीं ती पट्टीच जवळजवळ खांबाचें काम करते. शिवाय बाजूच्या एका स्तंभाशीं त्याला लोखंडी पट्टीनें जोडलेलेंहि आहे. पाय ठेवला कीं हा जिना स्प्रिंगेसारखा किंचित् लवतो, असा चढलेल्यांचा अनुभव आहे. निसर्गाचा नियम येथें कोठेंहि मोडलेला नाहीं. तो नियम हाताला पुरता ठाऊक असलेला एक कारागीर मात्र येथें होऊन गेला.

तो कारागीर कोण, याचा शोध सांता फे येथील इतिहासलेखिका मेरी जे. स्ट्रॉ कुक यांनीं चिकाटीनें घेतला. फ्रांस्वा झां रोशा नांवाचा एक फ्रेंच कसबी सुतार त्या काळीं न्यू मेक्सिकोंत आलेला होता. पुढें तो दक्षिणेकडील डॉग कॅनियन नांवाच्या निर्जन दरींत गुरें पाळून एकटाच राहूं लागला आणि १८९४ च्या अखेरीस तेथेंच त्याचा खून झाला. १८९५ च्या जानेवारींत 'न्यू मेक्सिकन' या वर्तमानपत्रानें त्याच्या मृत्यूची बातमी देतांना, लोरेटोच्या मंदिरांतील सुंदर जिना त्यानेंच केल्याचें नमूद केलें. दुसरा पुरावा याहून मोलाचा. भगिनींच्या रोजकीर्दींत १८८१ च्या मार्च महिन्यांत, लांकडाबद्दल रोशा यांस दीडशें डॉलर दिल्याची नोंद सांपडली. नोंद लांकडापुरतीच आहे, हें खरें. परंतु वर्तमानपत्रांतील मजकुराशेजारीं ती ठेविली असतां संशयाला फारशी जागा राहत नाहीं.

या ठिकाणीं थोडें थांबून विचार करण्यासारखा आहे. चमत्काराचा उलगडा कोणीं केला? शाळेच्या हिशेबाच्या वहीनें. पै-पैचा खर्च मांडून ठेवणाऱ्या कोणा धर्मभगिनीनें एका ओळींत सुताराचें नांव लिहिलें, म्हणून शंभर वर्षांनीं तो सुतार अंधारांतून बाहेर आला. आपल्याकडे कोणतेंहि जुनें दगडी देऊळ पाहिलें, कीं तें हेमाडपंताच्या नांवावर किंवा एका रात्रींत बांधणाऱ्या पांडवांच्या नांवावर जमा होतें, आणि पाथरवटाचें नांव कोणीच विचारीत नाहीं. सांता फे येथेंहि तसेंच झालें असतें. तें झालें नाहीं, याचें श्रेय मुलींना गणित शिकविणाऱ्या त्या संस्थेनें स्वतःचेंहि गणित चोख ठेविलें, या गोष्टीकडे जातें.

विसावें शतक आलें. सार्वजनिक शाळा वाढल्या. लोरेटोची शाळाहि चालत राहिली. परंतु शतकाच्या मध्यानंतर अमेरिकेंतील सर्वच कॅथॉलिक शाळांवर एक संकट आलें. या शाळा चालत त्या धर्मभगिनींच्या जवळजवळ बिनपगारी श्रमांवर. १९६५ च्या सुमारास अमेरिकेंत धर्मभगिनींची संख्या सुमारें एक लाख ऐंशी हजार, म्हणजे अत्युच्च होती. त्यानंतर ती झपाट्यानें घटूं लागली. नव्या तरुणी मठांत येईनाशा झाल्या, आणि पगारी शिक्षक नेमून जुन्या इमारती राखणें अवघड होऊन बसलें. १९६८ सालीं लोरेटोची शाळा बंद झाली. तोंपर्यंत केवळ मुलांसाठीं असलेल्या सेंट मायकेल्स या शाळेनें त्याच वर्षीं मुलींना प्रवेश दिला. १९७१ सालीं शाळेची जागा विकली गेली आणि प्रार्थनामंदिरांतील धार्मिक विधीहि थांबले. शाळेच्या इमारती पाडण्यांत आल्या. १९७५ सालीं त्या जागीं अतिथिगृह उभें राहिलें.

या अतिथिगृहाचें रूप पाहण्यासारखें आहे. शहराचें जुनें वळण टिकावें म्हणून १९५७ सालीं सांता फे नगरपालिकेनें, जुन्या भागांतील इमारती ठराविक पारंपरिक शैलींतच असाव्यात, असा नियम केला होता. नव्या अतिथिगृहानें ती शैली उचलली आणि उत्तरेकडील ताओस प्वेब्लो या इंडियन लोकांच्या प्राचीन वसतीसारखे एकावर एक चढत गेलेले मातीच्या रंगाचे मजले रचले. म्हणजे जी इमारत खरोखर जुनी होती ती गेली, आणि जी नवी आली तिनें जुनेपणाचा वेष घेतला. वर्षानुवर्षें मुलींनीं पाठ घोकले त्या भिंतींचा मागमूस उरला नाहीं. शाळेच्या नांवांतला 'लोरेटो' हा शब्द तेवढा पाटीवर राहिला.

यांत खरेदीदारांस सर्वस्वीं दोष देणें अन्यायाचें होईल. प्रार्थनामंदिर त्यांनीं पाडलें नाहीं. खाजगी मालकींत आज तें संग्रहालय म्हणून नीट राखलेलें आहे. तेथें विवाहसमारंभ होतात आणि जिन्याची काळजी वाहिली जाते. सामान्य प्रेक्षकांस त्यावर चढूं देत नाहींत, तेंहि त्याच्या रक्षणासाठींच. प्रवाशांच्या तिकिटावर मंदिर टिकलें, हें मान्य केलेंच पाहिजे. पण जें दाखवितां येतें तेवढेंच अशा व्यवस्थेंत टिकतें, हेंहि तितकेंच खरें. जिना दाखवितां येतो. शिकवणें दाखवितां येत नाहीं. एखाद्या मुलीस पहिल्यानें वाचतां आलें, तो क्षण कांचेच्या पेटींत ठेवतां येत नाहीं आणि त्याला तिकीटहि लावतां येत नाहीं.

म्हणून सांता फेच्या जिन्यासमोर उभें राहणाऱ्यानें दोन हिशेब मनाशीं मांडावेत. एक रोशा नांवाच्या सुताराचा. तो दीडशें डॉलरच्या नोंदीमुळें बराचसा चुकता झाला आहे. दुसरा, नदीकांठच्या पटकीला तोंड देऊन परक्या भाषेंत धडे देण्यास निघालेल्या सहा स्त्रियांचा, आणि त्यांच्यामागून एकशें पंधरा वर्षें फळ्यापुढें उभ्या राहिलेल्या शिक्षिकांचा. हा हिशेब अजून बाकी आहे. डेन्व्हर येथें त्यांनीं काढलेली शाळा आणि १९२३ सालीं टेक्ससमधील एल पासो येथें निघालेली लोरेटो शाळा आजहि चालूं आहेत. तेथें रोज सकाळीं घंटा वाजते आणि मुली वर्गांत जातात. मॅग्डालेन हेडन आणि त्यांच्या सोबतिणी सांता फे येथें आल्या होत्या, त्या एवढ्याचसाठीं.